नायकाचा प्रवास आणि खानदेशच्या कथा : जळगावातील एका कथालेखन कार्यशाळेचे परीक्षण

मिथककथांमधील नायकाचा प्रवास आणि पात्रांचे आदिबंध (कथांमधून पुन्हा पुन्हा भेटणाऱ्या मूळ प्रतिमा) या विषयावर जळगावात नुकतीच दोन दिवसांची कार्यशाळा झाली. एकांकिका लिहिणारे तरुण, शाळांमधील शिक्षक, अहिराणीत कविता करणारे आणि कीर्तनासाठी आख्याने रचणारे असे निरनिराळे लोक धुळे, अमळनेर, चोपडा, शहादा येथून तिला आले होते. मी हौशी रंगभूमीसाठी लिहिणारा माणूस असल्याने कथेची बांधणी शिकण्याच्या अपेक्षेने गेलो. ती अपेक्षा पूर्ण झाली. मात्र कार्यशाळेचा सर्वांत मोलाचा भाग आयोजकांच्या आखणीतून नव्हे, तर सहभागींनी आणलेल्या कथांमधून उभा राहिला, हे आरंभीच नोंदवले पाहिजे.

पहिल्या दिवशीचे सैद्धांतिक सत्र उत्तम होते. या विषयावर जे काही इकडून तिकडून ऐकायला मिळते, त्यात अनेक अभ्यासकांची मते एकत्र कालवलेली असतात. मार्गदर्शकांनी ती काळजीपूर्वक वेगळी केली. रशियन अभ्यासक व्लादिमीर प्रॉप यांनी १९२८ मध्ये परीकथांचा अभ्यास करून कथानक पुढे नेणारी ३१ कार्ये (ठरावीक कृती) आणि पात्रांच्या सात भूमिका मांडल्या. अमेरिकन अभ्यासक जोसेफ कॅम्बेल यांनी १९४९ मध्ये जगभरच्या मिथकांमधून प्रस्थान, दीक्षा आणि परतणे अशा तीन भागांत विभागलेले नायकाच्या प्रवासाचे १७ टप्पे दाखवले. आज ज्याला सर्रास 'बारा टप्पे' म्हटले जाते, तो आराखडा क्रिस्टोफर व्होग्लर यांनी चित्रपटलेखकांसाठी पुढे तयार केला. प्रॉप कथेची रचना तपासतात, कॅम्बेल तिचा आध्यात्मिक अर्थ शोधतात आणि व्होग्लर लेखकाच्या हाती अवजार देतात, हा फरक इतक्या स्वच्छपणे मराठीत समजावून सांगितलेला मी प्रथमच ऐकला.

पात्रांच्या आदिबंधांवरील सत्र त्याहूनही सरस झाले. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांच्या विचारातून आलेल्या छाया (मनाची दडलेली काळी बाजू), ज्ञानी वृद्ध, चकवणारा या प्रतिमा म्हणजे ठरावीक माणसे नसून कथेतील कामे आहेत आणि एकच पात्र प्रसंगानुसार निरनिराळी कामे करू शकते, हे त्यांनी द्रोणपर्वातील एका प्रसंगावरून पटवून दिले. अर्जुनाचा गुरू आणि सारथी असलेला कृष्ण द्रोणांना शस्त्र खाली ठेवायला लावण्यासाठी 'अश्वत्थामा मेला' असे सांगण्याचा सल्ला देतो, भीम त्या नावाचा हत्ती मारतो आणि आयुष्यभर सत्याला धरून राहिलेला युधिष्ठिर अर्धसत्य उच्चारतो. या एका प्रसंगात गुरूच चकवणारा होतो आणि धर्मराजाच्या अंगावर छाया पडते. प्रत्येकाने हा प्रसंग एकेका पात्राच्या बाजूने अर्ध्या पानात लिहायचा होता. पात्राला 'चांगले' किंवा 'वाईट' ठरवून मोकळे होण्याची आपल्या हौशी लेखनातील सवय मोडण्यासाठी यापेक्षा चांगला सराव मला माहीत नाही.

कमतरता दिसू लागली ती दुपारनंतर. बारा चौकटी असलेला छापील तक्ता वाटून प्रत्येकाला आपल्या मनातील कथा त्यात भरायला सांगण्यात आले. उदाहरणे जवळजवळ सगळी परदेशी चित्रपटांची होती. आपल्याकडचे म्हणावे असे उदाहरण रामाचे. वनवासाला जाणे, वाटेत साहाय्यक मिळणे, रावणाशी युद्ध आणि चौदा वर्षांनी अयोध्येला परतणे हा क्रम तक्त्यात सहज बसतो, त्यामुळे त्याच्याबद्दल कोणाला काही विचारावेसे वाटले नाही. रिकामी चौकट दिसली की लेखक ती भरण्यासाठी प्रसंग शोधू लागतो आणि मग कथेला नको असलेला गुरू, नको असलेला राखणदार तिच्यात येऊन बसतो. माझ्या शेजारी बसलेल्या एका शिक्षिकेने आपल्या सुटसुटीत गोष्टीत केवळ तक्त्यासाठी एक म्हातारा साधू घातला. वाचून झाल्यावर तो काढून टाका, असे तिला कोणीच सांगितले नाही.

दुसऱ्या दिवशी सहभागींनी आपापल्या भागातील कथा मांडायच्या होत्या. मुक्ताईनगरकडच्या एका कीर्तनकारांनी चांगदेव आणि मुक्ताई यांची कथा घेतली. तापी-पूर्णेच्या संगमावरचे चांगदेवांचे मंदिर आणि परिसरातील मुक्ताईचे स्थान यांमुळे ही कथा तिकडच्या लहान मुलांनाही पाठ असते. चौदाशे वर्षे जगलेला, वाघावर बसून हाती सापाचा चाबूक घेऊन येणारा योगी, आणि त्याच्यासमोर भिंत चालवत येणारी चार भावंडे. ज्ञानेश्वरांना आशीर्वाद लिहावा की नमस्कार, हे न ठरल्याने चांगदेवांनी पाठवलेला कोरा कागद, त्यावर 'इतकी वर्षे जगूनही कोराच राहिला' हे भावंडांमधले बोलणे, मग पासष्ट ओव्यांचे उत्तर, आणि शेवटी त्या वृद्ध योग्याची गुरू होते ती कोवळ्या वयाची मुक्ताई. तक्त्यातील 'ज्ञानी वृद्ध' ही चौकट येथे पूर्ण उलटते : वृद्ध शिष्य होतो आणि मूल गुरू. कथेचा सगळा जोरच त्या उलटण्यात आहे. मार्गदर्शकांनी येथे थांबून चर्चेला वेळ दिला, याबद्दल त्यांचे मनापासून आभार.

त्यानंतर धडगाव परिसरातील एका तरुणाने अस्तंभ्याची यात्रा सांगितली आणि ते सत्र वेळ संपून गेल्यावरही चालू राहिले. सातपुड्यातील १३२५ मीटर उंचीच्या या शिखरावर अश्वत्थाम्याचे स्थान आहे आणि धनत्रयोदशीच्या सुमारास हजारो भाविक, त्यांत बहुसंख्य आदिवासी, डोंगर चढून तेथे जातात. कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत तो या रानात फिरतो आणि वाट चुकलेल्याला वाट दाखवतो, असे लोक सांगतात. महाभारतातील त्याची कथा नायकाच्या प्रवासाच्या आराखड्याला सरळ छेद देते. कॅम्बेल यांचा नायक संकटातून काहीतरी मिळवून घरी आणतो. अश्वत्थाम्याजवळ रक्षण करणारा मणी जन्मापासूनच होता आणि रात्रीच्या हत्याकांडानंतर, अभिमन्यूची पत्नी उत्तरा हिच्या गर्भावर अस्त्र सोडल्यानंतर, तो त्याला द्यावा लागला. पुढे तीन हजार वर्षे एकट्याने भटकण्याचा कृष्णाचा शाप. प्रवास आहे, पण त्याला परतणे नाही आणि आणण्यासारखे काही उरलेलेही नाही.

मार्गदर्शकांनी यावर कॅम्बेल यांचाच 'परतण्यास नकार' हा टप्पा पुढे केला आणि त्यांनी तेथे दिलेले मुचुकुंद राजाचे उदाहरण सांगितले. मला ते उत्तर अपुरे वाटले आणि मी तसे म्हणालो. मुचुकुंदाने स्वतः निद्रा मागून घेतली आणि जगाकडे पाठ फिरवली; अश्वत्थाम्याला परतण्याची दारेच बंद केली गेली. नकार कोणी दिला, यावर पात्राचे सगळे व्यक्तिमत्त्व अवलंबून असते, आणि नाटक लिहिताना पहिल्या प्रवेशापासून हा फरक पाळावा लागतो. शिवाय, लोकांनी या कथेचे जे केले आहे ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. ज्याने झोपलेल्यांना मारले, त्यालाच सातपुड्याने वाट दाखवणारा केले. छायेला गुरूचे काम दिले. प्रवासाला निघणे, कष्ट सोसणे आणि घरी परतणे हे सारे आता चढून जाणारा भाविक करतो. मार्गदर्शकांनी हा मुद्दा फळ्यावर लिहून घेतला आणि तक्ता येथे पुरत नाही हे मोकळेपणाने मान्य केले, यात त्यांचा प्रामाणिकपणा दिसला.

स्त्रीनायिकेच्या प्रवासावर मात्र मॉरीन मर्डॉक यांच्या १९९० मधील मांडणीचा एक ओझरता उल्लेख वगळता काहीच नव्हते. श्रावणात कानबाई बसवण्याविषयी एका वयस्क मावशींनी 'ती ते दरसाल येस, दरसाल जास' एवढे सांगितले, आणि घरी येणाऱ्या, रात्रभर जागवल्या जाणाऱ्या व दुसऱ्या दिवशी निरोप घेणाऱ्या देवीच्या फेऱ्याबद्दल बोलण्याची संधी समोर असताना वेळेअभावी पुढचा विषय घेतला गेला. यासाठी स्वतंत्र सत्र हवेच.

व्यवस्थेबद्दल थोडक्यात : सभागृह हवेशीर होते, टिपणे स्वच्छ मराठीत होती, दुपारी भरीत आणि कळण्याची भाकरी होती. पडद्यावरील मजकूर इंग्रजीत असल्याने मागच्या रांगांतील अनेकांची अडचण झाली. लेखनासाठी मिळालेला वेळ फारच अपुरा होता. पाठवलेल्या लेखनावर मार्गदर्शकांनी नंतर ओळीओळीवर शेरे लिहून परत पाठवले. इतकी मेहनत सहसा कोणी घेत नाही, आणि घेतलेले शुल्क केवळ त्या शेऱ्यांसाठीही योग्य वाटते.

एकांकिका किंवा आख्यान लिहिणाऱ्या प्रत्येकाने पुढच्या वेळी जरूर नाव नोंदवावे. जाताना आपल्या गावाची एखादी कथा नीट ऐकून, शक्यतो घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून, लिहून न्यावी आणि तक्ता हातात येण्यापूर्वी ती मांडण्याचा आग्रह धरावा. आयोजकांनीही स्थानिक कथांचे सत्र पहिल्या दिवशी सकाळी ठेवावे आणि बारा चौकटींचा कागद त्यानंतरच वाटावा.