पेट-सीटी, नुसता सीटी की मेंदूचा एमआरआय?

मामांच्या फाईलवर डॉक्टरांनी ही तीन नावं लिहिली, आणि आम्ही राजारामपुरीत चहाच्या गाड्यावर तो कागद घेऊन अर्धा तास उभे. हातात पैसे एका मोठ्या स्कॅनपुरते. फुफ्फुसाचा कॅन्सर पसरल्याची शंका असताना आधी काय करायचं, हे त्या दिवशी कुणी नीट सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

कॉन्ट्रास्ट सीटीत, म्हणजे शिरेतून औषध सोडून काढलेल्या सीटीत, आकार दिसतो: गाठ किती सेंटीमीटर, रक्तवाहिनीला चिकटलीय का, छातीत पाणी आहे का. पेटमध्ये दिसते गाठीची भूक. शिरेतून एफडीजी सोडतात, म्हणजे किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेली साखर. ज्या पेशी ती जास्त ओढतात, तिथे चित्र उजळतं. म्हणून सीटीत साध्या वाटणाऱ्या लिम्फच्या गाठीत किंवा हाडातही रोग सापडतो.

पण साखर ओढणारं सगळंच कॅन्सर नसतं, आणि आपल्याकडे टीबी घरोघरी. मामांच्या स्कॅनमध्ये दोन जागा ठळक होत्या: छातीच्या मधोमध एक लिम्फची गाठ आणि डाव्या खुब्याचं हाड. दोन्हींतून सुईनं तुकडा काढला. गाठीत निघाला टीबी, खुब्यात कॅन्सर. रिपोर्टात मात्र दोन्हींना एकच विशेषण होतं. तुकड्याशिवाय उजेडावर विश्वास ठेवू नका. शिवाय ईजीएफआर, एएलके हे कॅन्सरच्या जनुकांतले बदल या चित्रात दिसत नाहीत. त्या बदलांवरची गोळी चालेल का, ते तुकड्याच्या किंवा रक्ताच्या तपासणीतूनच कळतं.

पेट कधी घ्यावा? ऑपरेशन किंवा बरं करण्याच्या हेतूनं शेक (रेडिएशन) द्यायचा विचार असेल, पसरलेल्या जागा एक-दोनच वाटत असतील, किंवा मिटलेलं फुफ्फुस कुठवर आणि गाठ कुठवर हे शेक देणाऱ्यांना कळत नसेल, तर पैसे वसूल. उलट सीटीतच यकृत, दोन्ही फुफ्फुसं भरलेली दिसली आणि तुकडा हातात आहे, तर पेट बहुधा ठिपक्यांची संख्या वाढवेल, औषध बदलणार नाही. तिथे मी तरी थांबेन. डॉक्टरांना सरळ विचारा, "यानं उपचार बदलेल का?" पेट झाला असेल तर वेगळा बोन स्कॅन सहसा लागत नाही.

मेंदूसाठी मात्र पेटवर विसंबू नका. मेंदू स्वतःच साखरेवर जगतो, सगळा उजळतो. त्यात बारीक गाठ लपते. डोकेदुखी, तोल जाणं असं काही असेल तर कॉन्ट्रास्ट एमआरआय आधी.

उपचार लागू पडतोय का हे पाहायला बहुतेक वेळा सीटी पुरतो. शेकानंतर सूज महिनोन्‌महिने उजळत राहते, म्हणून पेटची घाई नको. साधारण तीन महिने जाऊ देतात. इम्युनोथेरपीतही, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणाऱ्या औषधांतही, सुरुवातीला गाठ फुगल्यासारखी दिसू शकते.

पेटच ठरला तर एक हिशेब: हे फ्लोरिन 110 मिनिटांत निम्मं होतं. डोस पुण्याहून कोल्हापूरला यायला चार तास धरले, तर निघतानाचा पाव भागही उरत नाही. म्हणून उपाशी बसण्याआधी फोन करून डोस निघालाय का ते विचारा. सहा तास फक्त पाणी. गुळाचा चहाही नको. आदल्या दिवशी जोतिबाच्या पायऱ्या चढू नका, थकलेले स्नायूही साखर ओढतात. रक्तातली साखर 200 च्या वर असेल तर बरेच ठिकाणी परत पाठवतात, त्यामुळे मधुमेहाच्या गोळ्यांचं आधीच विचारून ठेवा.

आणि फिल्मवर समाधान मानू नका, सीडी मागा. मामांची पहिली सीडी आमच्याच घरात हरवली. दुसऱ्या सीटीच्या रिपोर्टात शेवटी एक ओळ आली, "तुलनेसाठी जुना स्कॅन उपलब्ध नाही", आणि दोन महिन्यांच्या गोळ्यांनी काय केलं हे त्या दिवशी कुणालाच सांगता आलं नाही.