जळगावातलं एक रहस्यकथांचं कपाट : पाचपैकी साडेतीन

बहुतेक वाचनालयांत रहस्यकथा लेखकाच्या आडनावावर लावतात. जळगावातल्या या जुन्या वाचनालयाने त्या देशावर लावल्या आहेत. एकाच लोखंडी कपाटात सहा कप्पे आहेत: मराठी, हिंदी-उर्दू, बंगाली, इंग्लंड-अमेरिका, उत्तर युरोप आणि जपान. जिथे मराठी अनुवाद मिळाला तिथे तो, नाहीतर इंग्रजी प्रत. एका वेळी दोन पुस्तकं, मुदत पंधरा दिवस.

या कपाटाची खरी गंमत पुस्तकांच्या मागच्या आतल्या पानावर आहे. देवघेव अजून संगणकावर गेलेली नाही, त्यामुळे तारखांची चिठ्ठी शाबूत आहे आणि तिच्यावर नेल्याची आणि परत केल्याची अशा दोन्ही तारखा पडतात. ही चिठ्ठी वाचता आली तर पुस्तक नेण्याआधीच बरंच कळतं. तीन दिवसांत परत आलेलं पुस्तक एकतर रात्रभर जागून संपवलेलं असतं, नाहीतर चाळिसाव्या पानावर टाकून दिलेलं. फरक ओळखायला पुस्तक मिटून कडेने बघायचं. वाचलेल्या पानांची कड मळकट असते, न वाचलेल्यांची पांढरी. जपानी कप्प्यातल्या बऱ्याच प्रतींची कड पुढच्या बोटभर जाडीतच मळलीय. मराठी आणि हिंदी-उर्दू कप्प्यांतल्या शेवटपर्यंत सारख्या काळ्या.

म्हणजे खान्देशातल्या वाचकाला परदेशी खून पचत नाही का? तसं नाही. तो नावांवर अडतो.

जपानी कादंबरीत एकच माणूस कचेरीत आडनावाने, घरात पहिल्या नावाने आणि हाताखालच्यांकडून हुद्द्याने ओळखला जातो. मूळ भाषेत आडनाव आधी येतं, अनेक इंग्रजी अनुवादांत ते मागे जातं, आणि इंग्रजीवरून मराठी करताना कधी असं, कधी तसं होऊन बसतं. वाचकाला एकाची तीन माणसं दिसतात. तिसाव्या पानापर्यंत त्याच्या डोक्यात बारा जण जमलेले असतात, प्रत्यक्षात असतात पाच. काउंटरवर मग ठरलेला प्रश्न येतो: ‘भो, यात कोण कोणाचा कोण?’ यावरचा उपाय दोन रुपयांचा आहे. प्रत्येक प्रतीत एक जाड कार्ड ठेवायचं आणि त्यावर नाव, नातं, हुद्दा लिहायचा. आठ नावांच्या वर जायचं नाही, आणि मरणाऱ्याच्या नावापुढे फुली तर अजिबात मारायची नाही. वाचनालयाने हे केलेलं नाही. अर्धा तारा इथेच गेला.

आइसलँडची गोष्ट उलटी आहे. तिथे बहुतेकांना आडनाव नसतंच. वडिलांच्या नावापुढे मुलाला ‘सोन’ आणि मुलीला ‘दोत्तिर’ लागतं, त्यामुळे सख्ख्या बहीणभावांचीही शेवटची नावं जुळत नाहीत. इंग्रजी वाचक इथे गोंधळतो. आपल्याकडे अर्धं गाव पाटील आणि उरलेलं चौधरी असतं, तिथे माणूस बापाच्या नावानेच ओळखायचा असतो. एकदा समजावलं की गाडी सुरळीत चालते. बंगाली कप्प्यात तेवढंही लागत नाही. सत्यजित राय यांनी 1965 मध्ये ‘संदेश’ या मुलांच्या मासिकात गुप्तहेर फेलूदाला आणलं. त्यातला ‘दा’ म्हणजे आपला दादा, हे कोणाला सांगावं लागत नाही. मुलांसाठी लिहिल्यामुळे त्यात रक्त कमी आणि डोकं जास्त आहे. घरात सगळ्यांनी वाचायचं असेल तर सुरुवात इथून करावी.

नावांनंतरची अडचण ‘तू’ आणि ‘तुम्ही’ची. स्वीडनमध्ये 1960 च्या दशकाच्या अखेरीस सगळ्यांनी सगळ्यांना एकेरी बोलायची पद्धत रुळली. तिथला साधा पोलिस वरिष्ठाला नावाने हाक मारून ‘तू चुकतोयस’ म्हणतो, आणि त्यात काही वावगं नसतं. मराठीत हे जसंच्या तसं आलं की वाचकाला वाटतं, या दोघांचं काहीतरी बिनसलंय किंवा हा हवालदार खुन्याला सामील आहे. काही अनुवादक ‘साहेब’ घालून मोकळे होतात, मग त्या पोलिसठाण्यातलं सगळं वातावरणच आपल्या शहर पोलिस स्टेशनसारखं होतं. दोन्हींत तोटा आहे. आमचं मत एकेरीच्या बाजूने, पण अनुवादकाने पहिल्याच प्रकरणात एका वाक्यात ते सांगून टाकावं. या कप्प्यातल्या मराठी प्रतींत कुठेच ते केलेलं सापडलं नाही.

उत्तर युरोपचा कप्पा सगळ्यात गैरसमजाचा. स्वीडनमध्ये माय शोवाल आणि पेर वालो या जोडीने 1965 ते 1975 या काळात दहा कादंबऱ्या लिहिल्या आणि खुनाच्या तपासाचा उपयोग समाजाची चिरफाड करायला केला. तिकडची पुढची पिढी त्याच वाटेने गेली. त्यामुळे तपास सावकाश चालतो, पोलिसाला सर्दी होते, त्याचा घटस्फोट होतो, आणि खून कोणी केला यापेक्षा खून होईपर्यंत सगळे काय करत होते याला जास्त पानं मिळतात. पाठलागाच्या अपेक्षेने पुस्तक उचललेला माणूस इथे वैतागतो. त्यात नाव बदलण्याचा धंदा. स्टीग लार्सन यांची 2005 ची कादंबरी मूळ स्वीडिशमध्ये ‘बायकांचा द्वेष करणारे पुरुष’ अशा अर्थाच्या नावाने आली. इंग्रजीत त्याच्या जागी टॅटूवाली मुलगी आली. मूळ नाव विषय सांगतं, नवं नाव पात्र विकतं. काउंटरवर मूळ नावाचा अर्थ सांगून पुस्तक दिलं तर नेणारा माणूस बदलेल, आणि जो नेईल तो पूर्ण वाचेल.

बारीक गोष्टीही अडतात. रात्री अकराला उजेडात प्रेत दिसतं असं वाचून कोणीतरी पेन्सिलीने ‘छपाईची चूक’ लिहून ठेवलंय. चूक नाही, जूनमध्ये तिकडे उत्तरेला सूर्य मावळतच नाही. तसं बघितलं तर मे महिन्यात, भुसावळचा पारा पंचेचाळिसावर असताना, बर्फात रुतलेल्या गाडीची दहा पानं वाचायला काही हरकत नसावी.

इंग्लंड-अमेरिकेच्या कप्प्यात नावं ओळखीची, वेगही ओळखीचा, पण शेवट रुचत नाही. दिवाणखान्यात सगळ्यांना बसवून गुप्तहेर उलगडा करतो, खुनी कोसळतो आणि कबुली देतो. मराठी वाचकाला कोर्टकचेरीची चांगली माहिती असते. पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, हे 1872 च्या पुरावा कायद्यापासून आपल्याकडे मुरलेलं आहे. त्यामुळे त्याला लगेच वाटतं, हा उद्या जबाब फिरवेल, मग पुढे काय? पुराव्याची साखळी पूर्ण दाखवणाऱ्या कादंबऱ्या इथे जास्त टिकतात. अमेरिकन कोर्टाच्या कथांमध्ये ज्यूरी आली की वेगळीच अडचण. न्यायाधीश समोर बसलेला असताना बारा सामान्य माणसं दोषी की निर्दोष हे ठरवतात, ही गोष्ट तरुण वाचकाला पटवून द्यावी लागते.

जपानी कप्प्याकडे परत जाऊ, कारण पैसे वसूल होतात ते तिथेच. आपण बाबूराव अर्नाळकरांवर वाढलेले. हजाराच्या वर पुस्तकं, झुंजार आणि काळापहाड, आणि पान उलटलं की काहीतरी घडलंच पाहिजे. जपानी लेखक पुष्कळदा खुनी पहिल्याच प्रकरणात दाखवून टाकतो. केइगो हिगाशिनो यांच्या 2005 च्या ‘सस्पेक्ट एक्स’मध्ये खून वाचकाच्या डोळ्यांसमोर होतो. कोणी मारलं हे कळल्यावर वाचायचं काय, असं म्हणून पुस्तक परत येतं. पण तिथे कोडं वेगळं आहे: लपवलं कसं, आणि एवढं कशासाठी. 2023 मध्ये यावरून हिंदी सिनेमा आला, तो बघून आलेले लोक मात्र पुस्तक पूर्ण करतात, कारण कशाची वाट बघायची हे त्यांना माहीत असतं.

भुसावळच्या रेल्वे कुटुंबांसाठी खास शिफारस सेइचो मात्सुमोतो यांच्या 1958 च्या ‘पॉइंट्स अँड लाइन्स’ या कादंबरीची. इंग्रजी प्रत आहे. टोकियो स्टेशनवर तेरा नंबरच्या फलाटावरून पंधरा नंबरचा फलाट गाड्यांच्या गर्दीत एरवी दिसत नाही. संध्याकाळी 5:57 ते 6:01 एवढी चार मिनिटंच मधली रूळवाट मोकळी असते. सगळा तपास वेळापत्रकावर उभा आहे. पुण्या-मुंबईचा वाचक ज्या पानांवर जांभया देतो, ती पानं भुसावळचा माणूस बोट ठेवून, तोंडी हिशेब करत वाचेल.

हिंदी-उर्दू कप्प्याबद्दल फार सांगायला नको. इब्ने सफी यांनी 1952 मध्ये अलाहाबादहून सुरू केलेली ‘जासूसी दुनिया’ ही कादंबरीमाला अजून फिरते आहे. तक्रार कागदाची. लुगदी कागद इथल्या उन्हाळ्यात पापडासारखा होतो.

आणि आता मोठी तक्रार. कपाट पत्र्याच्या छपराखाली, पश्चिमेच्या भिंतीला आहे. नुसत्या गोंदाने चिकटवलेली बांधणी या उष्णतेत सुटते आणि सगळ्यात आधी टोकाचे फर्मे, म्हणजे एकत्र दुमडलेल्या पानांचे गठ्ठे, निघतात. दुसऱ्या कुठल्याही पुस्तकात शेवटची सोळा पानं गेली तर वाचक चुकचुकतो, रहस्यकथेत गेली तर पुस्तक रद्दीच झालं. नेण्याआधी काउंटरवरच तीन गोष्टी कराव्यात: शेवटचा पानक्रमांक बघावा, शेवटच्या वीस पानांचे क्रमांक सलग आहेत का हे मजकूर न वाचता तपासावं, आणि पहिलं पान बघावं, कारण खुन्याचं नाव तिथे लिहिणारा एक महाभाग इथला सभासद आहे. त्याचं अक्षर तिरकं आणि शाई हिरवी. हिरवी शाई दिसली की पुस्तक तिथेच मिटवून दुसरी प्रत मागा. बंगाली आणि इंग्लंडच्या कप्प्यांत दुसरी प्रत बहुतेक मिळते, जपानीत नाही.