मालवण-सिंधुदुर्ग : तिघांचे दोन मुक्काम आणि ६,४०० रुपये

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मी, पत्नी आणि माझी ७७ वर्षांची आई असे तिघे चिपळूणहून मालवणला गेलो आणि कुरटे बेटावरचा सिंधुदुर्ग पाहून आलो. दोन रात्रींचा सगळा खर्च, घरी आणलेल्या खाज्याच्या पुड्यांसकट, ६,४०० रुपये झाला. हे परीक्षण मुख्यतः आम्ही ज्या घरगुती निवासात उतरलो त्याचे आहे, कारण खर्च आटोक्यात राहिला तो त्या जागेमुळेच.

प्रवासाचे फारसे सांगण्यासारखे नाही. दिवा-सावंतवाडी गाडीच्या साध्या डब्यातून कुडाळपर्यंत आणि पुढे एसटीने मालवण. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी मोफत आणि महिलांना अर्धे तिकीट असल्याने पूर्ण पैसे मोजणारा मी एकटाच होतो. आईने आधार कार्ड वाहकासमोर धरले ते विमानतळावर पासपोर्ट दाखवावा तशा थाटात.

स्वस्तात जाणाऱ्या माणसाचा पहिला निर्णय मालवण गावात राहायचे की तारकर्लीच्या किनाऱ्यावर, हा असतो. किनाऱ्यावर राहिले की लाटांचा आवाज फुकट मिळतो, पण होडीसाठी, बाजारासाठी आणि अनेकदा जेवणासाठीही सहा-सात किलोमीटर गावाकडे यावे लागते आणि वाचवलेले पैसे रिक्षात जातात. आमचा निवास बाजारपेठेच्या मागच्या आळीत, जेटीपासून चालत दहा मिनिटांवर होता. खोलीला रात्रीचे १,१०० रुपये आणि जास्तीच्या गादीचे २०० रुपये पडले. पहिल्या संध्याकाळी हा शहाणपणा विसरून आम्ही रिक्षाने तारकर्लीला गेलो आणि जाऊन-येऊन ३०० रुपये देऊन बसलो. देवबागची एसटी त्याच रस्त्याने जाते, हे परत आल्यावर कळले.

निवास चालवणाऱ्या काकी जेवण आगाऊ सांगितले तरच करतात आणि ती सूचना पाळावी, कारण त्यांच्या हाताला चव आहे. बांगड्याच्या थाळीचे त्या १८० रुपये घेतात. तिच्यात तिरफळ घातलेले बांगड्याचे तिखले, तांदळाची भाकरी, भात आणि सोलकढी असते. सुरमईच्या थाळीचा भाव जवळजवळ दुप्पट आहे आणि माझ्या मते तो फरक केवळ नावाचा आहे. आई शाकाहारी असल्याने तिच्यासाठी काळ्या वाटाण्याचे सांबार आणि आंबोळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी पत्नीने बाजारातून तिसऱ्यांचा, म्हणजे खाण्याच्या शिंपल्यांचा, एक वाटा आणला, तेव्हा काकींनी करणावळीचे १०० रुपये सांगून त्याची एकशिपी करून दिली. विळीवर एकेक तिसरी उघडून मांस असलेली शिंपली ठेवायची आणि रिकामी बाजूला टाकायची, हे काम त्या आमच्याशी बोलत, विळीकडे न पाहता करत होत्या. सकाळचे घावणे बिडाच्या तव्यावरून थेट ताटात येतात. तिसऱ्या घावण्यानंतर नको म्हणण्याचा उपयोग होत नाही.

किल्ल्याबद्दल त्यांनी दिलेला सल्लाही पैशाच्या मोलाचा निघाला. ‘‘पयली होडी धरा, मगे गर्दी होता,’’ असे त्यांनी आदल्या रात्रीच बजावले होते. होडीचे नावाडी किल्ल्यावर साधारण एक तास देतात, आणि २५ नोव्हेंबर १६६४ रोजी पायाभरणी होऊन तीन वर्षांत उभा राहिलेला, ४८ एकरांच्या बेटाभोवती तीन किलोमीटरच्या आसपास तट असलेला किल्ला तेवढ्या वेळात पाहून होत नाही. पहिल्या होडीने गेल्यामुळे आम्हाला नावाड्याला विनंती करून नंतरच्या होडीने परतता आले. ओहोटी असल्याने आईला होडीत उतरवणे मात्र अवघड गेले; दोन नावाड्यांनी तिला दोन्ही हातांना धरून अलगद खाली घेतले. दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही, इतका तो तटाच्या वळणात लपवलेला आहे. त्याच्या वरच्या भागात चुन्यात उमटलेले शिवाजी महाराजांच्या हातापायाचे ठसे पाहण्यासाठी बहुतेक लोक थांबतात आणि थेट शिवराजेश्वराच्या मंदिराकडे जातात. राजाराम महाराजांनी बांधलेल्या या मंदिरात आई सावलीला बसली आणि आम्ही दोघे तटावरून फिरलो. डोक्यावर ऊन असले तरी टोपी आणि पाण्याची बाटली घेऊन तटावर चढावेच. पद्मगड या शेजारच्या छोट्या किल्ल्याचा खडक आणि मालवणचा किनारा एकाच नजरेत येतो तो तिथूनच.

चारी बाजूंनी खारे पाणी असलेल्या त्या बेटावर दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव या तिन्ही विहिरींचे पाणी गोडे आहे. आमच्या निवासात मात्र आंघोळीला मचूळ पाणी होते, इतके की साबणाला फेस येत नव्हता, आणि गरम पाणी माणशी एकच बादली मिळत होते. पिण्याचे पाणी वेगळे व चांगले होते. खोलीच्या खिडकीची जाळीही एका कोपऱ्यात फाटलेली असल्याने पहिली रात्र डासांनी खाल्ली. दोन्ही तक्रारी काकींना समोर सांगितल्या; जाळी त्यांनी दुसऱ्याच दिवशी बदलली आणि पाण्यासाठी गोड्या विहिरीवरून नळ आणण्याचे कबूल केले आहे. ते होईपर्यंत निवासाचे नाव येथे देणे मला बरोबर वाटत नाही, पण भाड्याच्या मानाने जागा स्वच्छ होती आणि आम्ही पुन्हा तिथेच उतरू.

मे महिन्याच्या अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत किल्ल्याची होडी बंद असते, तेव्हा पावसाळ्यात केवळ किल्ल्यासाठी जाऊ नये. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्याबद्दल मी काकींना विचारले, तर ज्यांना त्या दिवसांत दुप्पट भाडे मिळते त्या स्वतःच म्हणाल्या, ‘‘नाताळात तुम्ही येव नकात.’’