३० मिलिअँपिअरची आरसीसीबी: घ्यावीच, पण वायरमनचं काम तपासून

आरसीसीबी म्हणजे करंटची गळती होताच वीज तोडणारा (ट्रिप होणारा) स्विच. दोन पोल (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा), ४० अँपिअर लोडचा, ३० मिलिअँपिअर गळतीला पडणारा. वन बीएचकेला हे माप पुरतं. घेताना आयएस १२६४० आणि आयएसआय खूण बघा. १०० किंवा ३०० मिलिअँपिअरचा नग दुकानदार 'सारखं ट्रिप होणार नाही' म्हणून पुढे करतो. माणसाच्या जिवासाठी तो कामाचा नाही.

आरसीसीबीत 'एसी' टाइप स्वस्त पडतो (हा 'एसी' म्हणजे एअर कंडिशनर नव्हे). पण इन्व्हर्टर एसी, नवं वॉशिंग मशीन असेल तर 'ए' टाइपच घ्या, कारण त्यांच्या गळतीतला डीसीसारखा (एकाच दिशेने वाहणारा) भाग 'एसी' टाइपला नीट ओळखता येत नाही.

सारखं ट्रिप होण्याच्या पुष्कळ तक्रारींचं मूळ न्यूट्रलमध्ये, म्हणजे करंट परत नेणाऱ्या तारेत असतं. आरसीसीबीतून बाहेर आलेला न्यूट्रल दुसऱ्या सर्किटच्या किंवा घरातल्या इन्व्हर्टरच्या न्यूट्रलला कुठे जोडला गेला, की लोड टाकताच ट्रिप. वायरमन मग आरसीसीबीच बायपास करतो! तसं करू देऊ नका. एकेक एमसीबी (प्रत्येक सर्किटचा स्विच) बंद करून बघा. तरीही ट्रिप होत असेल तर न्यूट्रल सुटे करून तपासायला लावा. गीझरचं जुनं एलिमेंटही नेहमीचा संशयित.

ओव्हरलोड आणि शॉर्टसर्किट आरसीसीबी सांभाळत नाही, एमसीबी हवीच. टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा. त्यावर ती पडली म्हणजे अर्थिंग चांगलं, असं मात्र नव्हे. अर्थिंगची तपासणी वेगळी करावी लागते.