मेजर सिक्स्थ कॉर्ड: आकार पाठ करावेत की धैवत शोधावा?

गिटारवर मेजर, मायनर आणि सेव्हन्थ कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह) हाताला बसल्यावर सिक्स्थची गरज बहुधा एखाद्या गाण्यामुळे अचानक भासते, आणि मग शिकणाऱ्यासमोर दोन वाटा उभ्या राहतात. मोकळ्या तारांचे तयार आकार चित्रावरून पाठ करावेत, किंवा कॉर्डमधले स्वर ओळखून ती स्वतः बांधावी आणि पुढे एकच आकार फ्रेटबोर्डवर (गिटारच्या मानेवरची, फ्रेट म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्या असलेली पाटी) सरकवत न्यावा. मी काही वर्षे पहिल्या वाटेवर समाधानी होतो आणि नंतर दुसरीकडे वळलो. तेव्हा पुढचे विवेचन अगदी तटस्थ असल्याचा माझा दावा नाही.

तयार आकारांची सोय नाकारता येणार नाही. ए सिक्स्थसाठी दुसऱ्या फ्रेटवर पहिल्या चार तारांवर (पहिली सर्वांत बारीक, सहावी सर्वांत जाड) एक आडवे बोट पुरते. जी सिक्स्थमध्ये सहाव्या तारेवर तिसरा आणि पाचव्या तारेवर दुसरा फ्रेट धरला की उरलेल्या चारही तारा मोकळ्या घुमतात. डिसेंबरात नाशिकच्या थंडीने सकाळी बोटे आखडलेली असताना अशा कॉर्डचे मोल विशेष कळते. घरी एकट्याने वाजवायचे असेल, तर हा भरदार नाद दुसऱ्या पद्धतीत सहसा मिळत नाही, असा माझा अनुभव आहे.

माझे मत बदलले ते सी सिक्स्थमुळे. दिवाळी पाडव्याच्या पहाटेच्या कार्यक्रमासाठी गंगापूर रोडवरच्या एका घरी आमची तालीम चालू होती. गाणाऱ्याची पट्टी पांढरी एक, म्हणजे सी, होती आणि एका भावगीताचा शेवट मी मोठ्या हौसेने सी सिक्स्थवर करत होतो. पेटी वाजवणारे काका तिसऱ्यांदा थांबले आणि म्हणाले, “अहो, शेवट आनंदाचा आहे, तुम्ही तो रडवेला का करताय?” मी आधी तारा तपासल्या, त्या सुरात होत्या. घरी येऊन एकेक तार वेगळी छेडली, तेव्हा सा, ग, ध, सा, ग एवढेच स्वर निघाले. पंचम कुठेच नव्हता, आणि सा-ग-ध ही तर सरळ ए मायनर कॉर्ड झाली. आमच्यात बेस गिटार नसल्याने तळाचा सा माझ्या पाचव्या तारेवरच अवलंबून होता, आणि हलक्या स्ट्रोकमध्ये नेमकी तीच तार निसटत होती.

पंचम हरवला कसा, हे शोधताना दुसरी पद्धत मला आपोआप उलगडली. कॉर्डचा मूळ स्वर सा मानला, तर सिक्स्थ कॉर्ड म्हणजे सा, ग, प, ध. म्हणजेच रिषभ वगळलेला भूप. हाताशी असलेल्या मेजर कॉर्डमधला एखादा पंचम दोन फ्रेट वर न्यावा, किंवा वरचा सा तीन फ्रेट खाली आणावा, की धैवत मिळतो. ई मेजरमध्ये दुसरी मोकळी तार पंचमाची असते. तिचा दुसरा फ्रेट दाबला की ई सिक्स्थ तयार होते, आणि पाचव्या तारेवरचा पंचम शाबूत राहतो. जी मेजरमध्ये पहिल्या तारेवरचे बोट उचलले की सा खाली येऊन धैवत होतो. सी मेजरच्या नेहमीच्या आकारात मात्र पंचम एकाच, म्हणजे तिसऱ्या तारेवर असतो, आणि तोच धैवताकडे गेला की जागा रिकामी पडते. करंगळीने पहिल्या तारेवर तिसरा फ्रेट धरून ती भरता येते, पण माझ्या करंगळीला ते वेळेवर कधीच साधले नाही.

सरकता आकार मी जी सिक्स्थवर बसवला: सहाव्या तारेवर तिसरा फ्रेट, चौथीवर दुसरा, तिसरीवर चौथा, दुसरीवर तिसरा, पाचवी आणि पहिली तार बंद. त्यात सा, ध, ग, प हे चारही स्वर एकेकदाच येतात. सी सिक्स्थ आणि ए मायनर सेव्हन्थ यांचे स्वर तेच असल्याने कॉर्डची ओळख बरीचशी तळाच्या स्वरावर ठरते, आणि इथे तो सर्वांत जाड तारेवर असल्यामुळे संदिग्धता पुष्कळ कमी होते. हाच आकार आठव्या फ्रेटवर नेला की सी, नवव्यावर काळी एक, चौथ्यावर काळी चार. गायकाने आयत्या वेळी पट्टी बदलली तरी कॅपो (सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबून पट्टी चढवणारा चिमटा) शोधावा लागत नाही.

त्रास आहेच. पाचवी तार मधल्या बोटाच्या टोकाने दाबून गप्प करावी लागते, आणि ते जमेपर्यंत माझे काही आठवडे खडखडाट ऐकण्यात गेले. नादही सुका वाटतो. पण अमेरिकन जॅझ वादक काउंट बेसी यांच्या वाद्यवृंदात १९३७ पासून गिटारवर ताल सांभाळणारे फ्रेडी ग्रीन मोजक्याच तारा वाजवत, हे कळल्यावर त्याचे फारसे वाईट वाटेनासे झाले.

ज्याला एक-दोन गाण्यांपुरतीच ही कॉर्ड हवी आहे, त्याने तयार आकार शिकावेत. त्यात कमीपणा नाही, फक्त सी सिक्स्थपासून जपावे. इतरांसोबत वाजवायचे असेल, तर मात्र ई मेजरवर धैवत शोधण्यापासून आरंभ करणे मला अधिक हिताचे वाटते. त्या पाडव्याला मी शेवट आठव्या फ्रेटवर वाजवला. काकांनी पेटीवरून मान वर केली नाही.