टूल अँड डाय की मेकॅनिकल डिप्लोमा?

दहावीचा निकाल लागला की आमच्याकडं पेढे दुसऱ्या दिवशी संपतात आणि तिसऱ्या दिवशी बहिणीचा फोन येतो. "दादा, ह्याला कुठं घालायचं ते तूच सांग." यंदा धाकट्या भाच्याचा नंबर. पोरगा गणितात बरा, इंग्रजीत जेमतेम, सायकल खोलून परत जोडणारा (एखादा छर्रा उरतो, पण चालते). अकरावी सायन्स नको यावर घरात एकमत आहे. उरले दोन रस्ते. एक टूलरूममधला टूल अँड डाय मेकिंगचा (म्हणजे पत्रा कापायचे-दाबायचे पंच, डाय आणि साचे बनवण्याचा) डिप्लोमा, तीन वर्षं शिक्षण आणि चौथं वर्ष कारखान्यात. दुसरा पॉलिटेक्निकचा साधा तीन वर्षांचा मेकॅनिकल.

फी, जागा, वसतिगृह हे सगळं माहितीपत्रकात असतं, त्यात मी शिरत नाही. मी स्वतः टूल अँड डाय केलेला माणूस. माझ्या चुलतभावानं त्याच वर्षी मेकॅनिकल केला. आम्ही दोघंही बेळगावातच राहिलो, दोघांनीही उद्यमबाग आणि मच्छे इथल्या कारखान्यांचा धूर खाल्ला. तेव्हा जे लिहितोय ते या दोन नमुन्यांवरून. दोन माणसांवरून नियम काढू नये हे मलाही कळतं.

सुरुवातीची काही वर्षं बाजू माझीच वरचढ होती, हे आधी सांगून टाकतो. पहिल्या सहामाहीत आमच्या हातात कानस दिली आणि लोखंडाचा ठोकळा चारी बाजूंनी काटकोनात आणायला लावला. तळहाताला फोड आले, पण शंभरावा भाग म्हणजे काय ते बोटांना समजलं. पुढं सरफेस ग्राइंडर, स्पार्क इरोजन (विजेच्या ठिणगीनं धातू कोरणं), पंच आणि डायमधली फट पत्र्याच्या जाडीप्रमाणं किती ठेवायची, हीट ट्रीटमेंटनंतर पोलाद कसं वाकडं होतं, हे सगळं हातानं केलेलं. चौथ्या वर्षी ज्या कारखान्यात गेलो त्यांनीच ठेवून घेतलं. सर्टिफिकेट नंतर आलं, पगार आधी सुरू झाला.

चुलतभाऊ तेव्हा फाईल काखेत मारून शेडच्या दारोदार फिरत होता. एका मालकानं विचारलं, "मशिनवर हात आहे का?" हा म्हणाला, "सगळ्यावर थोडा थोडा." मालक म्हणाला, "थोडं थोडं सगळं आमच्या वॉचमनलाही येतंय की." घरी आल्यावर त्यानं हे हसत सांगितलं, पण त्या रात्री तो जेवला नाही. शेवटी मेंटेनन्सला लागला, माझ्यापेक्षा बऱ्याच कमी पगारावर, आणि पहिलं वर्ष ग्रीसचा डबा हातात. ज्या घरात चौथ्या वर्षी पैसे यायलाच हवेत, त्या घरासाठी ही गोष्ट साधी नाही. तिथं माझा पुढचा मजकूर वाचूही नका, टूलरूममध्ये घाला.

आता ज्या एका गोष्टीनं माझं मत फिरलं ती.

मी तेव्हा हायड्रॉलिक व्हॉल्व बनवणाऱ्या एका शेडमध्ये होनिंग सेक्शनला होतो, म्हणजे भोक आतून घासून अचूक मापात आणायचं काम. बेळगावात फाउंड्री आणि हायड्रॉलिक्स शेजारीशेजारी वाढले, त्यामुळं टूलरूमची पोरं इकडंही वळतात. व्हॉल्वच्या बॉडीत एक आरपार बोअर, म्हणजे गोल भोक असतं आणि त्यात स्पूल नावाचा दांडा सरकतो. दोघांमधली फट सात-आठ मायक्रॉनची, म्हणजे डोक्याच्या केसाच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढी. हे बोअर हाणण्यात मी पटाईत होतो आणि तसं मला वाटतही होतं.

एक लॉट पुण्याहून परत आला. तक्रार एकच: बसवला की स्पूल अडकतो. माझ्याकडं बॉडी आल्या, मी एअर गेज (हवेच्या दाबावर भोक मोजणारं माप) घातला. बोअर गोल, सरळ, मापात. मी लिहून दिलं, बरोबर आहे. बॉडी ग्राइंडिंगला गेल्या. तिथला माणूस गोकाकच्या बाजूचा, त्यानं तळावरून डायल (उंचसखलपणा दाखवणारं काट्याचं माप) फिरवून बघितलं आणि म्हणाला, "सरि इदे." असेंब्लीत बिहारचा पोरगा, त्यानं स्पूल घालून सरकवला आणि म्हणाला, "सब ओके है." टेस्टिंगच्या बेंचवर व्हॉल्व लोण्यासारखा चालला. तीन भाषांत तिघांनी एकच सांगितलं आणि पुण्याचा गिऱ्हाईक डेबिट नोट, म्हणजे पैसे कापल्याचे कागद पाठवत राहिला.

अकरा दिवस हे चाललं. रोज सकाळी मिटिंग आणि रोज माझं तेच वाक्य, "माझं बोअर बरोबर आहे." ते खरं होतं. सहाव्या-सातव्या दिवशी मला त्या वाक्याची स्वतःलाच चीड यायला लागली. मालक माझ्याकडं बघायचे, मी एअर गेजकडं बघायचो. बोअरच्या बाहेर लोखंड आहे, त्या लोखंडाला खालची बाजू आहे, त्या बाजूला चार बोल्ट लागतात, ही माझी हद्दच नव्हती. ‘ते ग्राइंडिंगवाल्याला विचारा’ हे म्हणायला मला लाज वाटत नव्हती, उलट शिस्त वाटायची.

बाराव्या दिवशी टेस्ट बेंचचा पंप आवाज करायला लागला म्हणून मेंटेनन्सचा माणूस आला. माझा भाऊ नव्हे, दुसरा, पण त्याच जातीचा: साधा मेकॅनिकल डिप्लोमा, कशातच उस्ताद नाही. पंप खोलता खोलता त्यानं बघितलं की बेंचवर आम्ही व्हॉल्व बोल्टनं आवळतच नव्हतो. रोज ढिगानं व्हॉल्व तपासायचे म्हणून कुणीतरी कधीकाळी वरून दाबणारा क्लॅम्प बसवला होता. त्यानं विचारलं, "गिऱ्हाईक तर चार बोल्ट आवळतोय की. आवळल्यावर बोअर मोजलाय का कुणी?"

कुणीच मोजलं नव्हतं. एका जाड प्लेटवर बॉडी बोल्टनं आवळली, माझा गेज घातला, आणि बोअर अंडाकृती. बोल्ट सैल केले, परत गोल. मग तो ग्राइंडरकडं गेला. बॉडी लांबट, भिंती पातळ. मॅग्नेटिक चकवर, म्हणजे ग्राइंडरच्या चुंबकी पाटावर ठेवली की चुंबक तिला खाली ओढून सपाट करतं, त्या अवस्थेत घासायचा दगड फिरतो, आणि चुंबक सोडलं की ती आपल्या मूळ वाकड्या आकारावर येते. ग्राइंडिंगवाला डायल लावायचा तो चुंबक चालू असतानाच. अशा तळाला शंभर मिलिमीटरला एक शतांश मिलिमीटर एवढीच ऊंचनीच चालते, आणि चकवर असताना ती बरोब्बर तेवढ्यात बसायची. पुढं गिऱ्हाईकानं बोल्ट आवळले की वाकडा तळ सरळ व्हायला बघायचा आणि माझ्या बोअरला पिळायचा.

यातलं एकही काम त्या माणसाला माझ्याएवढं किंवा ग्राइंडिंगवाल्याएवढं येत नव्हतं. होनिंग मशिनवर त्याला उभं केलं असतं तर त्यानं दिवसभरात दहा बॉडी वाया घालवल्या असत्या. पण बोल्ट, चुंबक, वाकणं आणि माप या चारही गोष्टी त्यानं परीक्षेपुरत्या का होईना वाचलेल्या होत्या. चहा पिताना म्हणाला, "स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सला मी दोनदा नापास झालो, म्हणून लक्षात राहिलं." जोर पडला की वस्तू कशी वाकते, त्याचा हा विषय.

त्या दिवसापासून मी ‘माझं बोअर बरोबर आहे’ या वाक्याला घाबरतो. बरोबर असून बिनकामाचा असणं. चूक असतो तर निदान कुणीतरी सुधारलं असतं.

टूलरूमला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. तिथं जे शिकलो त्यावर आजही भाकरी खातो. शिवाय माझ्या जागी जरा चौकस माणूस असता तर तो टूलरूमवाला असूनही पलीकडं डोकावला असता, हेही खरं. पण सोळाव्या वर्षी जे कुंपण घातलं जातं ते माणूस पुढं आपणहून रंगवत बसतो, असा माझा अनुभव. आणि कुंपणाच्या आत काम चांगलं होत असेल तर बाहेर बघायचं कारणही मिळत नाही.

हस्तकौशल्याचं आयुष्य किती, हा आणखी एक मुद्दा, पण तो थोडक्यात. आमच्या फाउंड्रीवाल्यांकडं सागवानी पॅटर्न (ज्यावरून वाळूचा साचा घेतात तो नमुना) करणारे सुतार होते, आकसणाऱ्या धातूची वाढ धरून लाकूड कातणारे. आता पॅटर्न सीएनसीवर कातून येतो. त्यातले ज्यांना नुसतं लाकूड येत होतं ते खिडक्या-दारं करायला गेले. ज्यांना साचा कसा भरतो, आतली पोकळी राखणारा कोअर कुठं हलतो, कास्टिंगला भोक का पडतं हे कळत होतं, ते मेथड्सच्या, म्हणजे ओतकाम कसं करायचं ते ठरवणाऱ्या टेबलावर बसले. विजेच्या गाड्यांना इंजिन ब्लॉकच लागत नाही, तेव्हा हा घास पुढं आणखी कुणाकुणाच्या तोंडचा जाईल ते बघायचं.

मच्छेजवळच्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे ते विश्वेश्वरय्या अशा चर्चेत हमखास काढले जातात. १८८१ साली बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजातून बी. ए., मग पुण्यात इंजिनिअरिंग, पुढं म्हैसूरचे दिवाण. बघा, केवढा विस्तार, असं म्हणायचं असतं. पण खरं सांगायचं तर हे उदाहरण माझ्या बाजूला पूर्ण येत नाही. १९०३ साली खडकवासल्याला त्यांचे आपोआप उघडणारे दरवाजे बसले, ते मुंबई इलाख्यात वर्षानुवर्षं पाण्याशीच झटल्यावर. दिवाणपद १९१२ साली, त्यानंतर. म्हणजे माणूस आधी रुंद, मग खोल, मग परत रुंद. तसं जमलं तर उत्तमच. आपल्या पोराला तीन वर्षांत त्यातलं एक निवडायचंय.

आमच्या भागाचं एक वेगळेपण मात्र मला रुंद बाजूलाच ढकलतं. इथले कारखाने लहान. पंधरा-वीस माणसांच्या शेडमध्ये खरेदीवाला वेगळा, क्वालिटीवाला वेगळा असली चैन नसते. हत्तरगीला विमानाचे भाग होतात तिथं एकच काम वर्षानुवर्षं करणाऱ्याला मान आहे, आणि असायलाही हवा. पण शिनोळीपासून होनग्यापर्यंतच्या बहुतेक शेडमध्ये सकाळी सेटिंग, दुपारी गिऱ्हाईकाशी फोन आणि संध्याकाळी बिल अशी तऱ्हा. आम्हाला तशी सवयही आहे. घरात मराठी, कचेरीत कन्नड, शॉपफ्लोअरवर हिंदी, ड्रॉइंगवर इंग्रजी. आमचा पानवाला तीन भाषांत उधारी मागतो, एकीतही व्याकरण शुद्ध नाही, पण पैसे तिन्हींत वसूल होतात.

दुसरं, पुढची दारं. मेकॅनिकल डिप्लोमानंतर कर्नाटकात डीसीईटी ही डिप्लोमावाल्यांची प्रवेश परीक्षा देऊन बी. ई.च्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. महाराष्ट्रातही डिप्लोमावाल्यांना थेट दुसरं वर्ष आहे, आणि तिथल्या तांत्रिक प्रवेशांत वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या उमेदवारांसाठी वेगळी तरतूद असते. त्या-त्या वर्षीचं माहितीपुस्तक नीट वाचा, अटी बदलतात. कोल्हापूरला मामेभाऊ असेल आणि हुबळीला काका, तर दोन्हीकडं चालणारा कागद हातात असलेला बरा.

मेकॅनिकलची खोट कोणती तर पोकळपणा. आमच्याकडं डिप्लोमावाले इंटरव्ह्यूला येतात, थर्मोडायनॅमिक्सचे नियम धडाधडा म्हणतात आणि मायक्रोमीटर असा धरतात की जसा साप पकडलाय. त्यांना नुसतं दोष देऊन भागत नाही, एका मशिनभोवती वीस-वीस पोरं उभी असतील तर हात कुणाचा चालणार? चुलतभावाचं पहिलं वर्ष वाया गेलं ते याच पायी. ही खोट सुट्ट्यांत भरून निघते असा माझा अंदाज आहे. उलट बाजूची खोट, म्हणजे माझी, तशी सुट्टीत भरून निघाली नाही. मला चाळिशीत स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सचं पुस्तक घेऊन बसावं लागलं, तेही पोरीच्या अभ्यासाच्या टेबलावर, तिनं उडवलेली खिल्ली सहन करत.

तेव्हा माझं माप हे असं. पोराचे हात जन्मजात स्थिर असतील, त्याला एकच वस्तू दहादा घासण्यात आनंद असेल, किंवा घरची चूल थांबू शकत नसेल, तर टूल अँड डाय. त्यात कमीपणा काहीच नाही. पण पोरगा छर्रा उरला तर तो कुठला म्हणून विचारत बसणारा असेल, तर मेकॅनिकल. माझं चुकतही असेल. ज्यांनी उलटा रस्ता धरला आणि सुखी आहेत त्यांनाही विचारा.

काल भाचा शेडवर आला होता. म्हणाला, "मामा, तुम्ही मेकॅनिकल सांगताय, मग तुमच्याकडं टूलरूमचीच पोरं का घेताय?" मी म्हटलं, कारण ती पहिल्या दिवसापासून उपयोगी पडतात. त्यावर तो गप्प बसला, पटलं की नाही कळलं नाही. सोमवारपासून सकाळी आठला ये म्हणून सांगितलंय. आधी सरफेस प्लेट (मोजमापासाठीचा सपाट पाट) पुसायची, मग चुंबक सोडून मोजायचं.