पीव्हीडीएफ मेम्ब्रेन: पाण्यात बुडवून की तापवून गार करून?

पीव्हीडीएफ या फ्लोरीनयुक्त प्लास्टिकचं सच्छिद्र मेम्ब्रेन, म्हणजे गाळण्याचा पातळ पडदा, बनवायचं तर दोन रूढ वाटा आहेत. ‘निप्स’मध्ये (नॉनसॉल्व्हंट इंड्यूस्ड फेज सेपरेशन) पॉलिमर डीएमएसी किंवा एनएमपी या सॉल्व्हंटमध्ये विरघळवून काचेवर पातळ थर ओढतात आणि तो पाण्यात बुडवतात. सॉल्व्हंट बाहेर पडतं, पाणी आत शिरतं, पॉलिमर घट्ट होतो. ‘टिप्स’मध्ये (थर्मली इंड्यूस्ड फेज सेपरेशन) पॉलिमर डायब्युटिल थॅलेटसारख्या द्रवात चढ्या तापमानाला विरघळवतात, गार करतात आणि नंतर तो द्रव अल्कोहोलने धुऊन काढतात.

निप्सची गंमत आणि डोकेदुखी एकच: बदलता येण्याजोग्या गोष्टी फार आहेत. साध्या पाण्यात बुडवलं की पॉलिमर झटकन वेगळा होतो. वर पातळ, दाट साल येते आणि खाली बोटांसारख्या लांब पोकळ्या. पाणी भरपूर जातं, पण दाबाखाली या पोकळ्या दबतात. पाण्यातच थोडं सॉल्व्हंट मिसळलं की अदलाबदल मंदावते, पोकळ्या कमी होऊन स्पंजासारखी रचना येते. पॉलिमरचं प्रमाण वाढवलं तरी पोकळ्या घटतात, मात्र प्रवाहही घटतो. पॉलिसल्फोन या स्फटिक न बनणाऱ्या पॉलिमरवर हात बसलेल्यांनी इथे जपावं. पीव्हीडीएफ अर्धस्फटिकी आहे. अदलाबदल फार रेंगाळली तर स्फटिकांना वाढायला वेळ मिळतो आणि स्पंजाऐवजी एकमेकांना जेमतेम चिकटलेले गोळे हाती येतात.

शिवाय हवा. थर ओढून बुडवेपर्यंतच्या वेळात तो बाष्प शोषतो आणि वरच्या सालीची छिद्रं बदलतात. मुंबईतल्या जुलैत आर्द्रता न मोजता केलेलं कास्टिंग उन्हाळ्यातल्या कास्टिंगशी जुळेल, ही अपेक्षाच करू नका.

टिप्समध्ये सूत्र उष्णतेच्या हाती. द्रवाचं पॉलिमरशी फार जमत असेल तर आधी स्फटिक बनतात आणि गोळ्यांची रचना येते. बेताचंच जमत असेल तर आधी दोन द्रव वेगळे होऊन एकमेकांत गुंतलेलं जाळं मिळतं, आणि मजबुती त्यातच असते. हळू गार केलं तर छिद्रं आणि गोळे मोठे, झटकन केलं तर बारीक. पॉलिमरचं प्रमाण सहसा निप्सपेक्षा जास्त ठेवता येतं, त्यामुळे पोकळ तंतूच्या रूपातलं मेम्ब्रेन दणकट होतं. पण छिद्रांच्या आकारात 0.1 मायक्रॉनच्या बरंच खाली उतरणं जड जातं, आणि तापवायची यंत्रसामग्री लागते ती वेगळीच.

विषारीपणावरून निवड करायला जाऊ नका. एनएमपी आणि डायब्युटिल थॅलेट, दोन्ही प्रजननाला घातक मानली जातात.

माझं मत: प्रथिनं गाळायची असतील, म्हणजे अल्ट्राफिल्ट्रेशन हवं असेल, तर निप्स. काच, कास्टिंगची सुरी आणि पाण्याची टाकी एवढ्यावर सुरुवात होते. फक्त आर्द्रतामापकाचा खर्च टाळू नका. सांडपाण्याच्या एमबीआरसाठी (मेम्ब्रेन बायोरिअॅक्टर, म्हणजे जिवाणूंनी शुद्ध केलेलं पाणी मेम्ब्रेनने गाळणारी यंत्रणा) पोकळ तंतू हवे असतील, ज्यांना हवेचा सततचा मारा आणि हायपोक्लोराइटची (ब्लीचची) धुलाई सोसायची आहे, तर टिप्स. आणि पॉलिप्रॉपिलीन घेणार असाल तर निप्सचा विचारच सोडा. खोलीच्या तापमानाला ते विरघळवणारं कामाचं सॉल्व्हंट नाही. तिथे टिप्स, नाहीतर फिल्म ताणून छिद्रं पाडणं.